काय खाऊन आलात?

मोहिते सर भेटले की नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ विचारायचे, "काय खाऊन आलात?" समोर कॉलेजचे प्राचार्य असोत, फाटकावरचा चौकीदार असो की तपासणीला आलेले सूटबूटवाले पाहुणे असोत. मुलींना हाच प्रश्न हिंदीत, "क्या खाके आई?" मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला हे विचारलं तेव्हा मी चांगलीच तडकले होते. ओळख ना पाळख, आणि हा कोण माझ्या ताटात डोकावणारा? मी एक क्षण थांबले आणि तोडून म्हटलं, "पोहे." सर खूश झाले. "आठवावं लागलं ना? म्हणजे खरंच खाल्लंत," असं म्हणून निघून गेले. माणूस सटकलेला आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे उघडते, आणि चौदा वर्षं रोज सकाळी खिडकी उघडली की समोर सर. बुटके, काळेसावळे, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर ऊन-पाऊस खाऊन रंग उडालेली निळी टोपी. मुलींच्या खो-खो संघाचे ते प्रशिक्षक. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी ऐकली नाही. टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुन्हा. ती टाळी थेट माझ्या वाचनकक्षात ऐकू यायची. सुरुवातीच्या वर्षी मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली की वाचकांना त्रास होतो. सरांचं लेखी उत्तर आलं, "उद्यापासून हळू वाजवीन." आणि खरंच हळू वाजवायला लागले. मुलींना काही ऐकू येईना, त्या धडाधड एकमेकींवर आपटायला लागल्या. आठवडाभर तो तमाशा बघून मी माझी तक्रार परत घेतली. वाचकही तसे दोन-तीनच असायचे, खोटं कशाला बोलू.

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे खडे. मैदान मुरमाचं. सराव सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलीनं वाकून दहा खडे वेचायचे आणि तुपाच्या एका जुन्या डब्यात टाकायचे. ही सरांची प्रार्थना म्हणा, हजेरी म्हणा. सर स्वतःही वेचायचे, आणि डबा लांब असला की खडा पँटच्या खिशात. मिटिंगमध्ये बसले की खिशात हात घालून ते खडे चाळवत राहायचे, आणि आम्ही सगळे तो करकर आवाज ऐकत फी-वाढीवर चर्चा करायचो. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमचं वॉशिंग मशीन दोनदा बंद पडलं हो ताई, मेकॅनिक विचारतो, घर बांधून राहिलात का?"

सर राहायला छत्रीबागेत. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. आमच्या इंदुरातल्या निम्म्या मराठी घरांत कोणी ना कोणी घोड्यावर बसलेलं असतंच, आणि ते भिंतीवरून आपल्याकडे बघतही असतं. पण सरांनी कधी त्याचा टेंभा मिरवला नाही. त्यांची नोकरीही मिरवण्यासारखी नव्हती. सव्वीस वर्षं तात्पुरती. दर जुलैत नवं नेमणूकपत्र, दर जुलैत तीच सही. मी एकदा विचारलं, "सर, पक्कं करून घ्या की, सांगत का नाही कोणाला?" तर म्हणाले, "मॅडम, मी काय सांगून राहिलो, पत्र येतं ना दर वर्षी? बस्स. पोरींना तर तेही येत नाही."

तेव्हा मला वाटलं, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. पण सरांच्या डोक्यात ती एकच गोष्ट वर्षानुवर्षं फिरत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या संस्थेचे सचिव आहेत, त्यांना सगळे भाईसाहब म्हणतात. माणूस वाईट नाही. हात सैल आहे, फक्त जिथे संगमरवराची पाटी लागते तिथे तो जास्त सैल होतो. एका वर्षी त्यांनी मुलींसाठी पळण्याचं मशीन घेतलं. रिबन कापली, फोटो काढले, पेढे वाटले. सरांनी आभार मानले आणि विचारलं, "भाईसाहब, इसके बदले लड़कियों का बस पास नहीं हो सकता था?" भाईसाहब हसले. "भिया, पास पर किसका नाम लिखेंगे?" आता हे ते गमतीत म्हणाले की खरं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मशीन महिनाभर चाललं, मग त्याच्या दांड्यावर संघाच्या धुतलेल्या जर्स्या वाळत पडायला लागल्या. पावसाळ्यात फार सोयीचं होतं ते.

रचना या सगळ्यात तीन वर्षांपूर्वी आली. सांवेरच्या पलीकडच्या एका गावची. बारीक, उंच, आणि वळायला अशी चपळ की मलासुद्धा पुस्तकांवरून नजर काढून बघत राहावंसं वाटायचं. पहाटेच्या बसनं यायची, सराव करायची, मग वर्ग, आणि मधल्या तासाला माझ्या वाचनकक्षात वर्तमानपत्रावर डोकं टेकून गाढ झोपायची. मी हाकलायचं ठरवायची आणि राहून जायचं.

एक दिवस सरावात ती पळता पळता खांबाला धरून खाली बसली. दोन मिनिटांनी सर तिला घेऊन माझ्याकडे आले, कारण पंखा आणि पाण्याचा माठ दोन्ही जवळ होतं ते ग्रंथालयच. तिला खुर्चीत बसवलं आणि नेहमीचा प्रश्न.

"क्या खाके आई?"

"पराठे, सर," ती ताबडतोब म्हणाली. "दो. दही के साथ."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, डबा आहे का तुमचा?"

होता. भेंडीची भाजी आणि पोळ्या. तिनं आमच्याकडे पाठ करून सगळं खाल्लं, शेवटचा तुकडासुद्धा ठेवला नाही. मी तोपर्यंत सरांना व्हरांड्यात धरलं. पराठे खाऊन आलेली मुलगी अशी कशी खाते?

"खाल्लंच नव्हतं तिनं," सर म्हणाले. "मॅडम, जो खाऊन आलेला असतो ना, त्याला आठवावं लागतं. पोहे होते की रात्रीची पोळी होती, असा जरा थांबतो. उपाशी माणूस थांबत नाही. लगेच सांगतो, आणि मोठं सांगतो. पराठे, हलवा, पुरी. सव्वीस वर्षं हेच ऐकून राहिलो."

मग त्यांनी पुढचंही सांगितलं. रचनाचे वडील दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. नंतर जवळच्या एका फॅक्टरीत पॅकिंगचं काम ठरलं होतं, कॉलेज बंद, खेळही बंद. वडील काही राक्षस नव्हते. ते सरांना घरी बोलावून चहा पाजून म्हणाले होते, "मास्साब, ये दौड़ती है तो कॉलेज का नाम होता है. हमारा तो बस का किराया ही होता है." महिन्याला काही हातात पडलं असतं तर ते तिला ठेवायला तयार होते. सर आपल्या खिशातून मुलींना चणे, गूळ, केळी द्यायचे. पण केळ्यांनी बसचं भाडं निघत नाही.

त्याच पावसाळ्यात क्रीडा समितीची मोठी मिटिंग झाली. समितीवर एक महिला हवी म्हणून मी होते, आणि मराठी-हिंदी दोन्ही शुद्ध लिहिते म्हणून इतिवृत्तही माझ्याच गळ्यात. भाईसाहबांनी नकाशा टेबलावर पसरला. बंद हॉल, आत मॅट, वर दिवे. एका दानदात्यानं आईच्या नावानं पैसे दिले होते. आणि दुसरं, प्रशिक्षकाचं पक्कं पद, पूर्ण पगाराचं, आणि ते मोहिते सरांसाठी. "सर, अब हर जुलाई का झंझट ख़त्म," भाईसाहब म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून. कचोऱ्या आल्या.

सरांनी कचोरीला हात लावला नाही. खिशातले खडे करकरायला लागले.

"भाईसाहब, हॉल थोडा छोटा करके लड़कियों को हर महीने कुछ दे सकते हैं?"

"हॉल का पैसा दानदाता का है, उसमें से एक ईंट नहीं हिलेगी. और सर, खिलाड़ी को पैसा देंगे तो खेल कहाँ रहा, मजदूरी हो गई. कल गॅदरिंग में नाचने वाले माँगेंगे."

सर उभे राहिले. ते मैदानावर कधी बसायचे नाहीत, पण मिटिंगमध्ये त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "मैच के दिन माळी को पैसा मिलता है. मंडपवाले को मिलता है. पंच को मिलता है. मुझे मिलता है. मैदान में जितने लोग खड़े रहते हैं सबको मिलता है, बस जो दौड़ती हैं उनको नहीं मिलता. मेरा कोचिंग मजदूरी नहीं हुआ, उनका दौड़ना कैसे हो गया?"

भाईसाहबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी नमूद करते. त्यांनी कचोरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "तो फिर एक ही चीज़ बची, आपकी पोस्ट. वो पगार बारह लड़कियों में बाँट दें?"

मला अजून वाटतं की ते चिमटा काढत होते. सरांनी तो चिमटा आहे हे ओळखलंही असेल. प्राचार्य घाईघाईनं मध्ये पडले. "मोहिते सर, नीट ऐका. हे पद झालं नाही तर तुमचं जुनं पत्रही पुढच्या जुलैत निघणार नाही. दोन्ही एकाच रकमेतून आहे."

"समजलं," सर म्हणाले. मग भाईसाहबांकडे वळून, "बाँट दो."

मी पेन खाली ठेवलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. "लिहा मॅडम."

मिटिंग संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. माझा आवाज चढला होता, कबूल करते. घरी विचारलंत का? वय काय तुमचं? मुली येतात आणि जातात, तीन वर्षांत विसरतात. शिकवायला कोणी राहिलं नाही तर त्या पैशांचं करायचं काय? सर मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "घरी विचारलं असतं तर हो म्हणता आलं नसतं." आणि मोपेडला किक मारून निघून गेले. मोपेड तिसऱ्या किकला लागली, तेवढा वेळ आम्ही दोघंही अवघडून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनी ग्रंथालयात आल्या. पहिल्यांदाच. इतिवृत्तावर माझी सही अजून व्हायची होती, ती झाली की कागद पुढे जाणार होता. हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, काय बोलले ते, शब्द न् शब्द सांगा."

मी सांगितलं. माळी, मंडपवाला, पंच. त्या पदराशी चाळा करत ऐकत राहिल्या.

"आणि ती पोरगी कोण?"

मी तेही सांगितलं. भेंडीची भाजी, शेवटचा तुकडा, सगळं. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी सही आठ दिवस लांबवू शकते. तेवढ्यात त्यांना समजवा. प्राचार्यांनाही तेच हवं आहे."

त्या खिडकीकडे वळल्या. खाली मुली खडे वेचत होत्या, सरही वाकले होते, आणि वरून त्यांची निळी टोपी तेवढी दिसत होती. "सव्वीस वर्षं मी जुलैची वाट बघते," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी देवाला नारळ. आता पक्कं होत होतं तर ह्यांनी..." मग डोळे पुसले, उठल्या. "करून टाका सही. नाहीतर ते घरात बसून राहतील आणि मला रोज त्यांचं तोंड बघावं लागेल."

मी सही केली. माझ्या नोकरीत मी हजारो सह्या केल्या असतील, त्यातली ही एकच मला नीट आठवते.

मुलींना दर महिन्याला पैसे मिळायला लागले. दिवाळी झाली आणि रचना परत आली. फॅक्टरीचं नाव पुन्हा निघालं नाही. जुलैत सरांचं पत्र आलं नाही. तरीही ते फुकटात येत राहिले. काही महिन्यांनी फाटकावर सूचना लागली की बाहेरच्या व्यक्तींना मैदानावर प्रवेश नाही. चौकीदार सरांना वाट सोडायचा, पण एक दिवस सरांनीच त्याला विचारलं, "तुझी नोकरी जाईल ना यात?" सर वळले, मोपेड वळवली, आणि पुन्हा आले नाहीत.

आता सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. हॉल झाला, दानदात्याच्या आईचं नाव लागलं, मॅट आली. आठवड्यातून दोनदा एका एजन्सीचा ट्रेनर लॅपटॉप घेऊन यायचा. बारा मुलींपैकी चौघीजणी पैसे घेऊन सरावाला दांड्या मारायच्या. एकीच्या भावानं तिचे पैसे नेऊन मोबाईल घेतला. त्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला, आणि भाईसाहब समितीत म्हणाले, "देखा?" मी तेवढा शब्द इतिवृत्तात घेतला नाही. कारण पैसे नसते तर रचना नसती, आणि सर नसल्यामुळे रचना असूनही संघ नव्हता. यातलं कोणतं खरं मानायचं, हे कोणत्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही, आणि मी पुस्तकांमध्येच बसते.

रचनालाही मी विचारलं होतं. ती म्हणाली, "मैडम, पैसे टाइम पे आते हैं. ताली कोई नहीं बजाता."

मुलींनी एकदा अर्ज केला होता, आमच्या पैशातून थोडं थोडं कापून सरांना द्या. माझ्यामार्फत तो सरांकडे गेला. त्यांनी त्याच्या मागच्या बाजूला लिहून पाठवलं, "असलं काही करू नका. दूध प्या." अक्षर अगदी शाळकरी मुलासारखं गोल गोल. तो कागद मी फाईलला न लावता टेबलाच्या खणात ठेवला आहे.

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी मी छत्रीबागेत मावसबहिणीकडे चालले होते. नदीच्या अंगाला एक मोकळी जागा आहे, तिथून टाळी ऐकू आली. एक, मग दोन. मी ती टाळी झोपेतसुद्धा ओळखीन. थांबून बघितलं तर आठ मुली, चुन्यानं आखलेलं मैदान, दोन बांबू खांब म्हणून रोवलेले, आणि कडेला तो तुपाचा डबा. सर जरा वाळलेले दिसले. स्वेटर खांद्यांवर ढगळ झाला होता.

मुलींचे खडे वेचून झाले होते. रचना, आता शेवटच्या वर्षाला, कर्णधार, पिशवीतून स्टीलचा डबा काढत होती. मग कळलं की हे दर रविवारी असतं आणि डब्याची पाळी मुलींनी आपसांत वाटून घेतली आहे. पैसे घेत नाहीत ना सर, मग हे तरी. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बघत उभी होते.

रचनानं डबा हातात धरला आणि सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, क्या खाके आए?"

"पराठे," सर ताबडतोब म्हणाले. "दो. दही के साथ."

रचनानं चुन्याच्या रेषेबाहेर आपली ओढणी अंथरली, सरांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं, आणि डबा उघडला.